कार्टून सलून

कार्टून सलून : लहान मुलांच्या दूरचित्रवाणी मालिका आणि सहकुटुंब पाहण्याजोगे चित्रपट तयार करणारी आयरिश अ‍ॅनिमेशन संस्था. आयर्लंडच्या आग्नेय भागात, नोर नदीकाठच्या किलकेनी या मध्ययुगीन शहरात १९९९ साली टॉम मूर, पॉल यंग आणि नोरा टूमी यांनी ती सुरू केली. मूर आणि टूमी प्रामुख्याने दिग्दर्शक आणि यंग निर्माते. जगभरचे बडे स्टुडिओ संगणकावरच्या त्रिमितीय अ‍ॅनिमेशनकडे वळत होते, त्या काळात या मंडळींनी हाताने काढलेल्या द्विमितीय चित्रांचा हट्ट धरला आणि तो आजवर सोडलेला नाही. संस्थेच्या पहिल्या चारही पूर्ण लांबीच्या चित्रपटांना आणि ‘लेट आफ्टरनून’ या लघुपटाला ऑस्करचे नामांकन मिळाले. प्रत्यक्ष पुरस्कार एकदाही हाती आला नाही.

आयर्लंडमध्ये या व्यवसायाची पायाभरणी एका अमेरिकी स्टुडिओमुळे झाली. डिस्नेतून बाहेर पडलेले डॉन ब्लूथ यांनी १९८०च्या दशकात आपला स्टुडिओ डब्लिनला हलवला. त्यासाठी माणसे तयार व्हावीत म्हणून शहरातील बॅलिफर्मॉट महाविद्यालयात अ‍ॅनिमेशनचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९९०च्या दशकाच्या मध्यावर ब्लूथ यांचा स्टुडिओ बंद पडला, पण अभ्यासक्रम टिकला. कार्टून सलूनचे तिन्ही संस्थापक तिथलेच विद्यार्थी. शिकून बाहेर पडल्यावर डब्लिनमध्ये राहायचे किंवा परदेशची वाट धरायची, हा नेहमीचा रस्ता. मूर यांचे बालपण मात्र किलकेनीत गेले होते आणि तिथल्या ‘यंग आयरिश फिल्म मेकर्स’ या तरुणांच्या गटात ते वाढले होते. त्यामुळे बिऱ्हाड किलकेनीतच थाटले. सुरुवातीची वर्षे जाहिराती आणि फुटकळ चित्रांच्या कामावर निघाली. डोक्यात मात्र कॉलेजच्या दिवसांपासून एक चित्रपट घोळत होता.

तो चित्रपट म्हणजे ‘द सीक्रेट ऑफ केल्स’ (२००९). सुमारे इ.स. ८०० मध्ये ख्रिस्ती भिक्षूंनी लिहून-रंगवून सिद्ध केलेली ‘बुक ऑफ केल्स’ ही सचित्र पोथी डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात जतन केलेली आहे. चित्रपटातील ब्रेंडन हा मठात वाढणारा पोरका मुलगा. मठाचा प्रमुख असलेला त्याचा काका व्हायकिंगांच्या धास्तीने उंच तटबंदी बांधण्यात गुंतलेला असतो, तर आयोना बेटावरून जीव वाचवून आलेला वृद्ध चित्रकार अपुरी पोथी पूर्ण करण्याच्या ध्यासाने झपाटलेला असतो. तट की पोथी, या ओढाताणीवर सगळी कथा उभी आहे. शाईसाठी लागणारी फळे आणायला ब्रेंडन तटाबाहेरच्या रानात जातो आणि तिथे त्याला अ‍ॅशलिंग ही वनकन्या भेटते.

या चित्रपटाची दृश्यभाषा थेट पोथीच्या पानांतून उचललेली आहे. खोलीचा आभास देणारे यथार्थदर्शन जवळजवळ टाळलेच आहे. एकाच चौकटीत एक वस्तू समोरून दिसते, तर दुसरी वरून. रानातील फांद्या वेटोळी घेत नक्षी होतात, आणि व्हायकिंग येतात ते काळ्या, टोकदार ठोकळ्यांच्या रूपात. कुडाळजवळच्या पिंगुळीची चित्रकथी ज्यांनी पाहिली असेल, त्यांना सपाट पृष्ठभागावर कथा किती वेगाने धावू शकते हे वेगळे सांगायला नको. ब्रेंडन आणि क्रोम या सर्पदैवताची झुंज तर आवर्जून पाहावी अशी आहे. मुलाच्या हातात शस्त्र नसते, असतो खडूचा तुकडा. पाण्याखालच्या काळोखात तो रेघा ओढत जातो, त्या रेघांनीच सापाला कोंडतो, आणि शेवटी साप स्वतःलाच गिळू लागतो. चित्र काढणे हेच इथे पराक्रमाचे कृत्य ठरते. मुलांसाठीच्या चित्रपटात हा विचार इतक्या सहजपणे क्वचितच आला असेल.

एवढा खर्च एकट्या आयर्लंडला पेलणारा नव्हता. फ्रान्स आणि बेल्जियममधील निर्माते भागीदार झाले. प्रत्येक देशाच्या चित्रपट मंडळाकडून थोडाथोडा निधी मिळवायचा आणि त्या बदल्यात कामाचा काही वाटा त्या-त्या देशात द्यायचा, अशी ही युरोपीय सहनिर्मितीची पद्धत आहे. पुढचे चित्रपटही याच वाटेने झाले. जोडीला चित्रपटनिर्मितीवरील आयरिश करसवलतीचा आधार असतो.

‘साँग ऑफ द सी’ (२०१४) या दुसऱ्या चित्रपटाचे बीज आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पडले. मूर आपल्या लहान मुलासह तिथे सुटीला गेले असता वाळूत मारून टाकलेले सील त्यांना दिसले. मासळी कमी झाल्याचा राग कोळ्यांनी त्या मुक्या प्राण्यांवर काढला होता. लोकांचा जुन्या गोष्टींवर विश्वास होता तेव्हा असे घडले नसते, असे घरमालकीण बोलून गेली. सीलचे कातडे उतरवून माणूस होणाऱ्या ‘सेल्की’च्या या गोष्टी. चित्रपटात सीर्शा ही न बोलणारी चिमुरडी सेल्की आहे आणि आई गमावल्याचा सल मनात धरून तिचा थोरला भाऊ बेन तिच्यावर डाफरत असतो. माखा ही घुबडीण इतरांचे दुःख बरण्यांत कोंडून ठेवते आणि दुःख काढून घेतलेले सगळे दगड होतात. लहान मुलांशी मृत्यूबद्दल इतक्या मायेने आणि काहीही न लपवता बोलणारे चित्रपट फार थोडे आहेत.

टूमी यांनी दिग्दर्शित केलेला ‘द ब्रेडविनर’ (२०१७) तालिबानच्या राजवटीतील काबूलमध्ये घडतो. वडिलांना तुरुंगात टाकल्यावर परवाना नावाची मुलगी घर चालवण्यासाठी केस कापून मुलगा होते. तिचे रोजचे जगणे संयत, वास्तवदर्शी रेषेत आहे. ती धाकट्या भावाला सांगते ती गोष्ट मात्र कागदी कात्रणांच्या शैलीत, भडक रंगांत उलगडते. आयर्लंडबाहेरचा विषयही तितक्याच आस्थेने हाताळता येतो, हे या चित्रपटाने दाखवले. मूर आणि रॉस स्टुअर्ट यांचा ‘वुल्फवॉकर्स’ (२०२०) पुन्हा घरी, १६५० सालच्या किलकेनीत परततो. क्रॉमवेलच्या इंग्रज सैन्याने शहर घेतले ते याच साली. रॉबिन ही इंग्रज शिकाऱ्याची मुलगी, तर मेव्ह झोपली की लांडगी होणारी रानातली पोर. या चित्रपटात रेषाच कथा सांगते. शहर जुन्या लाकडी ठशांच्या छपाईसारखे : जाड काळ्या कडा, काटकोन, घरांवर चढलेली घरे. रान सैल हाताने, जलरंगात, कच्च्या आराखड्याच्या पेन्सिलरेघा न पुसता. रॉबिन रानाच्या जवळ जाते तसतशी तिची स्वतःची रेषाही मोकळी होत जाते. लांडग्याच्या नजरेतून दिसणारी दृश्ये आधी संगणकावर त्रिमितीय अवकाशात रचली आणि मग कागदावर पेन्सिल व कोळशाने पुन्हा काढली. त्यात गंध रंगीत धाग्यांसारखे हवेत तरंगताना दिसतात. आजवरच्या कामगिरीत सर्वांत उंचीचा चित्रपट हाच म्हणावा लागेल.

चित्रपटांच्या या कौतुकात मालिकांकडे दुर्लक्ष होते, ते योग्य नाही. संस्थेचा रोजचा गाडा बऱ्याच अंशी मालिकांवर चालतो आणि नवे अ‍ॅनिमेटर त्यांतूनच तयार होतात. ‘स्कंक फू!’ (२००७) ही मार्शल आर्ट शिकणाऱ्या प्राण्यांची धमाल मालिका बावन्न भागांची होती. खरी लोकप्रिय ठरली ती २०१५ साली सुरू झालेली, शाळेत न जाणाऱ्या वयाच्या मुलांसाठीची ‘पफिन रॉक’. आयरिश किनाऱ्याजवळच्या एका बेटावर ऊना ही पफिन पक्ष्याची पिल्ली आणि बाबा नावाचा तिचा धाकटा भाऊ राहतात. सोबतीला ससा, चिचुंद्री, शंखातला खेकडा अशी मित्रमंडळी. भाग जेमतेम सात मिनिटांचा आणि निवेदनाचा आवाज आयरिश अभिनेते क्रिस ओ’डाउड यांचा. आरडाओरडा नाही, चकचकाट नाही. पफिन जमिनीत बीळ करून राहतात, समुद्रात बुडी मारून मासे पकडतात आणि समुद्री कुरव त्यांच्या खाण्यावर टपलेले असतात, हे निसर्गाचे वास्तव मालिकेने सांभाळले आहे.

२०१७ साली कॅनडाच्या मर्क्युरी फिल्मवर्क्ससोबत किलकेनीतच ‘लाइटहाउस स्टुडिओज’ ही भगिनी संस्था उभी राहिली. टूमी यांचा ‘माय फादर्स ड्रॅगन’ २०२२ साली नेटफ्लिक्सवर आला. पुढच्याच वर्षी ‘पफिन रॉक’चा चित्रपट झाला. त्यात हंगामातील शेवटचे अंडे नाहीसे होते आणि वादळ बेटावर येऊन धडकण्याआधी ऊना व तिच्या सवंगड्यांना ते शोधायचे असते.