चढताना दम, उतरताना मांड्या

कळसूबाई केलं रविवारी. 1646 मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. लोखंडी शिड्या चढताना छाती भात्यासारखी चालत होती, उतरताना मात्र गप्पा मारत बारी गावात पोचलो. सोमवारी ऑफिसात फोटो दाखवत फिरलो, पाय ठणठणीत. मंगळवारी सकाळी पलंगावरून उठायला गेलो आणि तसाच परत बसलो. सोसायटीचा जिना उतरलो तो कठडा धरून, तिरका, खेकड्यासारखा.

आई म्हणाली, "पाय भरून आलेत, तेल चोळ." जिमला जाणाऱ्या भाच्याने निदान केलं, "मामा, लॅक्टिक ॲसिड साठलंय." हे निदान इतक्या ठिकाणी ऐकू येतं की खरंच वाटतं. पण व्यायाम थांबल्यावर तास-दोन तासांत रक्तातलं लॅक्टेट, म्हणजे तेच लॅक्टिक ॲसिड, पूर्ववत होतं. ते मंगळवारपर्यंत कशाला थांबेल? शिवाय ते जास्त तयार होतं चढताना, आणि माझ्या मांड्यांची ही गत केली होती उतरणीने.

स्नायूला एकच काम येतं, ओढणं. ढकलणं त्याला जमत नाही. शरीरातले सहाशेहून अधिक स्नायू नुसते ओढतात, आणि त्यातूनच आपण चालतो, बोलतो, भाकरी थापतो. स्नायूचा एक धागा सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर त्यावर आडवे पट्टे दिसतात. दोन पट्ट्यांमधल्या कप्प्याला सार्कोमिअर म्हणतात. त्याची लांबी मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या दोन-अडीच पट, म्हणजे एक सेंटिमीटरच्या धाग्यात असे चारेक हजार कप्पे एकापुढे एक. प्रत्येक कप्प्यात ॲक्टिनचे बारीक तंतू आणि मायोसिनचे जाड तंतू एकमेकांत शिरलेले असतात. मेंदूकडून निरोप आला की धाग्यात कॅल्शियम सुटतं, ॲक्टिनवरच्या जागा मोकळ्या होतात आणि मायोसिनची इवली डोकी त्या पकडून ओढतात. मग सोडतात, पुढची जागा पकडतात, परत ओढतात. तंतू आखडत नाहीत, एकमेकांवरून सरकतात. 1954 साली ही कल्पना दोन स्वतंत्र गटांनी एकाच वेळी मांडली आणि दोन्हीकडे हक्सले आडनावाचा एकेक शास्त्रज्ञ होता. नात्याने त्यांचा काही संबंध नव्हता. विद्यार्थी मात्र आजही गोंधळतात.

यातली एक गोष्ट मला फार आवडते. एटीपी हे इंधन पकड सोडवायलाही लागतं. मृत्यूनंतर एटीपी संपतं, डोकी अडकलेलीच राहतात, आणि म्हणून प्रेत ताठरतं.

आता उतरण. पायरी उतरताना गुडघा वाकतो, म्हणजे मांडीच्या पुढचा स्नायू लांबतो. पण तो सैल सोडला तर आपण तोंडावर आपटू. म्हणून तो ओढून धरत-धरत लांबतो. माळ्यावरून धान्याचं पोतं दोराने खाली सोडून बघा. वर चढवताना दम निघतो. खाली सोडताना दम लागत नाही, पण तळहात सोलवटतात.

1952 साली अ‍ॅबट, बिगलँड आणि रिची या तिघा शास्त्रज्ञांनी दोन व्यायामाच्या सायकली पाठीला पाठ लावून एकाच साखळीने जोडल्या. एकाने पेडल मारायचं, दुसऱ्याने उलट फिरत येणारं पेडल पायाने रोखून धरायचं. जोर दोघांचा सारखाच, पण रोखणाऱ्याला ऑक्सिजन कितीतरी कमी लागला. लंडनच्या रॉयल सोसायटीत हा प्रयोग दाखवला तेव्हा रोखायला एक तरुणी बसली होती आणि पेडल मारणारा तरुण बघता-बघता दमला.

ही स्वस्ताई येते कुठून? लांबत असलेला धागा जास्त ताण पेलतो, म्हणून तेवढ्याच वजनाला कमी धागे कामाला लागतात. शिवाय अडकलेली डोकी ताणानेच ओढून सुटतात, तिथे एटीपी खर्ची पडत नाही. दम लागत नाही तो यामुळे, आणि धागे दुखावतात तेही यामुळेच. थोड्यांवर सगळा भार. काही कप्पे प्रमाणाबाहेर ताणले जातात, त्यांच्या भिंती विस्कटतात. मग दुरुस्तीला पेशी जमा होतात, सूज येते, आजूबाजूच्या नसा हळव्या होतात. या सगळ्याला वेळ लागतो, म्हणून ठणका दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टिपेला पोचतो.

तेल चोळल्याने बरं वाटतं, थोडं चाललं की सैल वाटतं. स्ट्रेचिंगने मात्र फारसा फरक पडत नाही, आधी करा की नंतर. चार-पाच दिवसांत आपोआप जातं. फक्त एक लक्षात ठेवा: पाय प्रचंड सुजले आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर तडक डॉक्टर गाठायचा. फुटलेल्या स्नायूंतला ऐवज रक्तात उतरून मूत्रपिंडाला त्रास देतो.

पण एकदा असा मार खाल्लेला स्नायू शहाणा होतो. पुढचे काही आठवडे तशाच उतरणीने तो फार कमी दुखतो. तालमीत नव्या पोराच्या मांड्या बैठकांनी पहिल्याच आठवड्यात काय त्या भरतात, नंतर तो शेकडो बैठका मारून हसत घरी जातो.

तीन आठवड्यांनी राजगडला गेलो. मंगळवारी जिना सरळ उतरलो आणि भाच्यासमोर मिरवणार, तेवढ्यात चहाचा कप उचलताना कळ आली. दंड. चोर दरवाज्याच्या वाटेने रेलिंग धरून शरीर खाली सोडत आलो होतो, आणि कळसूबाईवरचे धडे मांड्यांनी घेतले होते, दंडांनी नाही.