दहा डोसांची बाटली आणि एकटं बाळ

बाळाची लस चुकली की आपण आधी आईबापांवर घसरतो, अडाणी आहेत, नाहीतर व्हॉट्सॲपवर काहीबाही वाचून घाबरलेत. तसे लोक आहेत हो, १९९८ ला वेकफिल्ड नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने एमएमआर (गोवर, गालगुंड, रुबेला) लशीचा ऑटिझमशी संबंध सुचवणारा पेपर लॅन्सेट या वैद्यकीय मासिकात छापला, लॅन्सेटने २०१० ला तो मागे घेतला तरी ते भूत अजून फॉरवर्ड होतंच आहे. पण बऱ्याच मुलांना पहिला डोस मिळालेला असतो आणि पुढचेच राहतात, म्हणजे घरचे तयार होते की! मग पुढचे का राहतात? दवाखाना लांब, कामाचा खाडा, कार्ड हरवलं, मागच्या वेळी ताप आला आणि तो येणार हे कुणी आधी सांगितलंच नव्हतं, किंवा साधं पडसं बघून परत पाठवलं (पडसं हे लस टाळायचं कारण नाहीच).

मला मात्र सगळ्यात भारी वाटते ती बाटलीची भानगड. गोवराच्या लशीत जिवंत पण कमजोर केलेला विषाणू असतो, वाळवून पावडर केलेला, टोचायच्या आधी त्यात द्रावण मिसळायचं. आता त्यात जंतुनाशक घालता येत नाही कारण ते विषाणूलाच मारेल आणि लस फुकट जाईल. म्हणजे एकदा मिसळली की बाहेरून शिरलेल्या बॅक्टेरियाला रान मोकळं. म्हणून २ ते ८ अंशात ठेवायची आणि ६ तासांत, किंवा त्याआधी सेशन संपलं तर तेव्हाच, उरलेली फेकायची. हा नियम उगाच नाही, २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये लस मिसळायला एकच सिरिंज चार दिवस वापरली, लसही फ्रिजबाहेर होती, १५ मुलं गेली. डीटीपी (घटसर्प, धनुर्वात, डांग्या खोकल्याची लस) जिवंत नसते, तिच्यात प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे तेच जंतुनाशक, चालतं, त्यामुळे नीट ठेवलेली उघडी बाटली २८ दिवसांपर्यंत वापरता येते.

आता नर्सच्या जागी बसा. समोर एकच बाळ, हातात दहा डोसांची बाटली. फोडली तर नऊ डोस वाया आणि त्याचा हिशोब स्टॉकच्या वहीत नर्सलाच द्यायचा. बाळ परत गेलं तर त्या वहीत काहीच लिहावं लागत नाही. मग ती म्हणते, "मंगळवारी या, अजून मुलं येतील." आईचा एक हेलपाटा झालेला असतो, दुसरा होईलच असं नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते एका बाळासाठीही बाटली फोडा, कारण गोवराचा एक पेशंट लस न घेतलेल्या १२ ते १८ जणांना आजार देऊ शकतो, त्याला थोपवायला ९५ टक्के मुलांना दोन्ही डोस लागतात.

पाच डोसांच्या बाटल्या आहेत, पण डोसमागे खर्च जास्त आणि फ्रिजमध्ये जागाही जास्त खातात. आता बारीक सुयांचा स्टिकरसारखा पॅच येऊ घातलाय, मनगटावर दाबायचा, मिसळायची भानगडच नाही. पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात लहान मुलांवर त्याची सुरुवातीची चाचणी झाली, २०२४ मध्ये आलेले निकाल चांगले आहेत. एक पॅच, एक बाळ.