हार्मोनिक मायनर की मेलोडिक मायनर? मायनर टू-फाइव्ह-वनवर सोलो वाजवताना

जॅझ गिटारवर मायनर प्रोग्रेशन (कॉर्डची मालिका) आली की हार्मोनिक आणि मेलोडिक मायनर या दोन स्केलमध्ये हमखास गोंधळ होतो. सी पासून वाजवल्या तर दोघींत फरक फक्त एका स्वराचा आहे. हार्मोनिक मायनर म्हणजे सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी, ए फ्लॅट, बी (फ्लॅट म्हणजे अर्धा स्वर खाली). मेलोडिक मायनरमध्ये ए फ्लॅटच्या जागी ए येतो. सी ला षड्ज मानलं तर धैवत कोमल की शुद्ध, एवढंच. (पाश्चात्त्य अभिजात संगीतात मेलोडिक मायनर उतरताना बदलते. जॅझमध्ये चढताना आणि उतरताना ती सहसा एकच ठेवतात.)

टू-फाइव्ह-वन म्हणजे स्केलच्या दुसऱ्या, पाचव्या आणि पहिल्या स्वरावरच्या कॉर्ड ओळीने. सी मायनरमधली घेऊ: डी हाफ डिमिनिश्ड, जी सेव्हन फ्लॅट नाइन, सी मायनर सिक्स. पहिल्या कॉर्डचे स्वर डी, एफ, ए फ्लॅट, सी. दुसरीत जी, बी, डी, एफ आणि वर पुन्हा ए फ्लॅट. तिसरीत सी, ई फ्लॅट, जी आणि शुद्ध ए. म्हणजे ए फ्लॅट पहिल्या दोन कॉर्डमध्ये आहे आणि वन आल्यावर जातो. म्हणून टू आणि फाइव्हवर सी हार्मोनिक, वनवर सी मेलोडिक. सुरुवातीला एवढंच पक्कं केलं तरी सोलो सुधारतो.

उलटं केलं की काय होतं तेही वाजवून ऐकावं. डी हाफ डिमिनिश्डवर शुद्ध ए धरून ठेवला तर तो कॉर्डच्या ए फ्लॅटला घासतो आणि कॉर्डची ओळखच पुसली जाते. सी मायनर सिक्सवर ए फ्लॅटवर थांबलात तर तो खालच्या जी आणि वरच्या ए, दोन्हींना अर्ध्या स्वरावर चिकटतो आणि वाक्य अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. जाता जाता हे स्वर लागले तर चालतं. थांबणं मात्र महागात पडतं.

आता हार्मोनिक मायनरची खरी अडचण. ए फ्लॅट आणि बी यांच्यात दीड स्वराची फट आहे. स्केल ओळीने वर-खाली पळवली की प्रत्येक वेळी ती फट ऐकू येते आणि जॅझ वाक्याऐवजी स्केलचा रियाज चालू आहे असं वाटतं. उपाय म्हणजे स्केलपेक्षा आर्पेजिओवर, म्हणजे कॉर्डचे स्वर एकेक करून वाजवण्यावर, भर द्यायचा. जी सेव्हनच्या तिसऱ्या स्वरापासून, म्हणजे बी पासून, डिमिनिश्ड आर्पेजिओ घ्या: बी, डी, एफ, ए फ्लॅट. हे चारही स्वर हार्मोनिक मायनरमधलेच, पण सगळीच अंतरं दीड स्वराची असल्याने फट वेगळी जाणवत नाही.

हे वाजवून पाहा. तार १ म्हणजे सर्वांत बारीक. सगळे स्वर एकेका मात्रेचे. टूवर: तार ५ फ्रेट ५, तार ४ फ्रेट ३, तार ४ फ्रेट ६, तार ३ फ्रेट ५. फाइव्हवर: तार ३ फ्रेट ४, तार २ फ्रेट ३, तार २ फ्रेट ६, तार १ फ्रेट ४. वनवर तार १ फ्रेट ३, म्हणजे जी, आणि तिथे थांबा. दोन्ही जोड नीट ऐका: सी उतरून बी होतो, ए फ्लॅट उतरून जी होतो. नुसत्या या दोन अर्ध्या स्वरांवरून, साथीला कोणी नसतानाही, कॉर्ड बदललेली कळते.

जी सेव्हनवर हार्मोनिक वाजवताना सी स्वरावर मात्र थांबू नका. तो कॉर्डच्या बी च्या अर्धा स्वर वर असतो आणि फाइव्हचा ताण वेळेआधीच सैल करतो.

मेलोडिक मायनरचा दुसरा उपयोग जास्त रंगतदार आहे. ती प्रत्येक कॉर्डवर वेगळ्या स्वरापासून घ्यायची: डी हाफ डिमिनिश्डवर एफ मेलोडिक, जी सेव्हनवर ए फ्लॅट मेलोडिक, सी मायनरवर सी मेलोडिक. जी वर ए फ्लॅट मेलोडिक म्हणजेच अल्टर्ड (बदललेल्या स्वरांची) स्केल. गिटारवर ही सोय मोठी आहे, कारण बोटांची ठेवण बदलत नाही. सहाव्या तारेवर एफ पहिल्या फ्रेटवर, ए फ्लॅट चौथ्यावर, सी आठव्यावर. तोच साचा आधी तीन आणि मग चार फ्रेट वर सरकतो. पॅट मार्टिनो हा गिटारवादक (१९४४–२०२१) तर वेगवेगळ्या कॉर्ड मायनरमध्ये रूपांतरित करूनच विचार करायचा.

वरच्या ओळीतला फाइव्हचा भाग बदला: तार ३ फ्रेट ४, तार २ फ्रेट ४, तार २ फ्रेट २, तार ३ फ्रेट ३. मग वनवर तार ३ फ्रेट २, म्हणजे शुद्ध ए. रंग लगेच गडद होतो.

अल्टर्ड स्केल कधी फसते? तिच्यात शुद्ध डी नाही. साथीदार जी सेव्हन फ्लॅट नाइन डी सकट वाजवत असेल आणि तुम्ही डी फ्लॅटवर रेंगाळलात तर घर्षण होणारच. साथीत जी थर्टीन असेल तर त्यातला शुद्ध ई तुमच्या ई फ्लॅटला भिडतो. एफ मेलोडिकचंही तसंच: तिच्यातला शुद्ध ई पुढे येणाऱ्या सी मायनरच्या ई फ्लॅटशी विसंगत आहे, म्हणून तो हलक्या मात्रेवर ठेवा. माझं मत असं की टूवर बहुतेक वेळा साधं हार्मोनिकच जास्त गाणारं वाटतं, आणि प्रयोगाची जागा फाइव्ह ही आहे.

एक गोष्ट आधी तपासा: वन कॉर्ड सी मायनर सिक्स आहे की सी मायनर सेव्हन. सेव्हन असेल तर त्यात बी फ्लॅट आहे आणि दोन्ही स्केलमधला बी त्याच्याशी भांडतो. तिथे डोरियन घ्या: सी, डी, ई फ्लॅट, एफ, जी, ए, बी फ्लॅट. एकच मायनर सेव्हन कॉर्ड आठ-सोळा बार चालत असेल, तर मुख्य रंग डोरियनचाच ठेवा आणि बी फक्त सी कडे नेणारा स्वर म्हणून वापरा.