बॅटरीवरचा घरगुती पार्टी स्पीकर

बॅटरीवरचा घरगुती पार्टी स्पीकर : घरी बनवलेला, उचलून नेता येणारा आणि लाइटच्या पिनशिवाय मोकळ्या जागेत मोठ्याने वाजणारा बॉक्स. आत एक-दोन वूफर (खालच्या सुरांचे मोठे स्पीकर), ट्विटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) किंवा छोटा भोंगा, क्लास डी जातीचा अँपचा, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या अँप्लिफायरचा बोर्ड, ब्लूटूथचा तुकडा आणि बॅटरी, बाहेर प्लायची पेटी आणि हँडल, बस. सोसायटीचा गणपती, हळद, गच्चीवरची कोजागिरी अशा ठिकाणी तो दिसतो. (गडावरही दिसतो, आणि तिथे तो नसावा असं आमचं मत आहे.)

याची सुरुवात कुठून धरायची यावर एकमत नाही. काहीजण ती १९६६ च्या सुमारास फिलिप्सने आणलेल्या रेडिओ-कॅसेट एकत्र असलेल्या पोर्टेबल मशीनपासून, म्हणजे पुढे ज्याला बूमबॉक्स म्हणायला लागले त्यापासून धरतात. पण आपल्याकडे त्याच्याही आधीचा धागा सापडतो तो रिक्षा-टांग्यावर कर्णा बांधून गाडीच्या १२ व्होल्ट बॅटरीवर सिनेमाची नाहीतर निवडणुकीची जाहिरात करण्याचा, आणि मोठ्या आवाजासाठी बॅटरी वापरणं हेच लक्षण मानलं तर हा धागा जास्त जवळचा वाटतो. घरी बनवण्याचा छंद म्हणून त्याला आजचं रूप आलं त्यात डेन्मार्कचा वाटा मोठा आहे. रोस्किल्ड इथे १९७१ पासून संगीत महोत्सव भरतो, लोक तंबू ठोकून आठवडाभर राहतात, तिथे वीज नाही म्हणून गाडीच्या बॅटऱ्या आणि लाकडी पेट्या घेऊन येण्याची प्रथा पडली. बूमिनेटर नावाचा गाजलेला आराखडा याच वातावरणातला, १० इंची वूफर, पिएझो (स्फटिकाच्या चकतीवर चालणारा) ट्विटर, शिसे-आम्लाची बॅटरी आणि वर सोलर पॅनल. साउंडबॉक्स ही डॅनिश कंपनीही तिथल्याच छंदातून पुढे आली.

क्लास डी अँपशिवाय हा स्पीकर आजच्या रूपात शक्यच झाला नसता, म्हणून त्याबद्दल थोडं सविस्तर. जुन्या पद्धतीचा अँप बरीचशी वीज उष्णता करून घालवतो, म्हणून त्याला ॲल्युमिनियमचं मोठं हीटसिंक लागतं. क्लास डीमध्ये ट्रान्झिस्टर एकतर पूर्ण चालू नाहीतर पूर्ण बंद असतो, सेकंदाला काही लाख वेळा, आणि त्या चालू-बंदच्या रुंदीत गाणं भरलेलं असतं, शेवटी कॉइल आणि कपॅसिटर ते उलगडून देतात. त्यामुळे बॅटरीतली बहुतेक वीज स्पीकरपर्यंत पोचते. यातल्या डी चा अर्थ डिजिटल असं दुकानदार सर्रास सांगतात, ते बरोबर नाही, ए, बी, सी झाल्यावर पुढचं अक्षर डी एवढंच. कल्पनेचं श्रेय बहुधा ॲलेक रीव्ह्ज या ब्रिटिश अभियंत्याला देतात, हे नाव कधी पडलं त्याची वर्षं मात्र वेगवेगळी दिली जातात, कुणी १९५५ म्हणतं कुणी १९५९, १९५० चं दशक एवढं धरलं तरी पुरे. बाजारात आलेला पहिला नमुना म्हणजे क्लाइव्ह सिंक्लेअर यांच्या कंपनीचा एक्स-१०, साल १९६४, घरी जोडायचं किट. नावात १० होते आणि प्रत्यक्षात निघायचे जेमतेम अडीच वॅट. म्हणजे वॅटच्या बाबतीत थापा मारायची परंपरा या अँपइतकीच जुनी आहे, आपल्याकडच्या पीएमपीओवाल्यांनी (क्षणभराच्या कमाल वॅटचा फुगवलेला आकडा खोक्यावर छापणाऱ्यांनी) ती फक्त चार शून्यं लावून पुढे नेली.

आज हौशी लोकांत सगळ्यात जास्त चालणारी चिप टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सची टीपीए ३११६. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत तिचा तयार बोर्ड मिळतो आणि त्याच्यावर १०० वॅट असं छापलेलं असतं. ते खोटं नाही पण अर्धवट आहे. चिपची क्षमता २१ व्होल्ट आणि ४ ओहमच्या स्पीकरवर दोन चॅनेलला ५०-५० वॅट अशी आहे. हाच बोर्ड १३ व्होल्टच्या बॅटरीवर लावला तर? व्होल्टेजचा वर्ग करायचा, ओहमच्या दुपटीने भागायचं, म्हणजे १६९ भागिले ८, एकवीस वॅट, तोटे वजा जाता १८-२०. आणि स्पीकर ८ ओहमचा असेल तर त्याच्याही निम्मं. व्होल्टेज दुप्पट केलं की वॅट चौपट होतात हे ज्याला कळलं त्याचे बोर्ड बदलण्यात जाणारे पैसे वाचतात. चिपला २६ व्होल्टपर्यंत चालतं, म्हणून कुणी सहा लिथियम सेल ओळीने लावतं, पूर्ण चार्जला ते २५.२ होतात, मर्यादेच्या फारच जवळ. आमचा कल पाच सेलकडे.

तरी खरा फरक वॅटने पडत नाही, सेन्सिटिव्हिटीने पडतो. १ वॅट दिला की १ मीटरवर किती डेसिबल, हा आकडा. कारमधला सबवूफर साधारण ८६ चा असतो, डीजेच्या बॉक्समधला १० इंची वूफर ९६ च्या आसपास. दिसायला दहाचाच फरक, पण दर १० डेसिबलला वीज दहापट लागते, म्हणजे दुसरा १० वॅटवर जेवढा ओरडतो तेवढं ओरडायला पहिल्याला १०० वॅट लागणार. बॅटरी तुम्ही पाठीवर वाहणार आहात हे लक्षात घेतलं तर यात निवड करण्यासारखं काही उरत नाही. त्याची किंमत अशी की असा वूफर फार खाली उतरत नाही, ४० हर्ट्झचा हादरा त्याच्याकडे मागू नये, ढोल आणि बेसगिटार मात्र छान निघतात.

पेटीबद्दल मतं पुष्कळ आहेत. उघड्यावर नुसता स्पीकर धरला तर कोनाच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या कागदी पडद्याच्या) पुढची लाट आणि मागची लाट एकमेकींना मारतात, बेस गायब होतो. मागची लाट कोंडली की बेस येतो, हे कॅसेटच्या काळात, साधारण १९८०-९० च्या दशकांत, गावोगावी लोकांनी माठाच्या तोंडावर स्पीकर बसवून शोधून काढलं होतं. माठाचा बेस कशामुळे, यावर दोन मतं ऐकू येतात. एक म्हणजे भाजलेल्या मातीचा गुण. दुसरं म्हणजे मागची हवा बंद झाली, आतून गोल असल्यामुळे समोरासमोरच्या भिंती नाहीत, बाकी काही नाही. दुसरंच पटण्यासारखं आहे, कारण तोच स्पीकर तेवढ्याच आकारमानाच्या घट्ट लाकडी पेटीत बसवला तरी बेस तसाच येतो, आणि माठात स्पीकरच्या कडेला फट राहिली की तो जातो. माठ लहान असल्याने एकाच सुरावर बूम-बूम होतं हा त्याचा दोष.

भोक असलेली, म्हणजे पोर्टवाली पेटी ही पुढची पायरी. तिचं पेटंट अमेरिकेत बेल लॅबच्या अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळालं, पण भोक किती मोठं आणि नळी किती लांब याचं गणित नीट बसलं ते ऑस्ट्रेलियात, नेव्हिल थील यांच्या १९६१ च्या लेखात, आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ते पुरं केलं. वूफरच्या माहितीच्या कागदावर एफएस, क्यूटीएस, व्हीएएस (वूफरचा स्वतःचा सूर, त्याचं थरथरणं किती आवरतं आणि त्याची लवचीकता किती लिटर हवेएवढी) असे जे आकडे येतात ते यांचेच. उदाहरणार्थ ४० लिटरची पेटी ५० हर्ट्झवर ट्यून करायची, म्हणजे तिची नळी त्या सुरावर घुमवायची, तर संडासाच्या लाइनला लागतो तो ११० मिलिमीटरचा पीव्हीसी पाइप साधारण १८ सेंटिमीटर कापायचा. ५० च्या खाली मात्र कोनाला हवेचा आधार राहत नाही, तो मोकाट हलतो, म्हणून खालचे सूर आधीच कापणारं फिल्टर लावतात. १८ मिलिमीटरचा प्लाय, सांध्याला फेव्हिकॉल आणि स्क्रू, मागच्या झाकणाला दाराची फोमपट्टी. मी पहिल्या पेटीला ही पट्टी कंटाळा करून लावली नव्हती, तर ढोलाच्या प्रत्येक ठोक्याला मागून सायकलच्या पंपासारखं फुस्स व्हायचं आणि अर्धा दिवस मी वूफर फाटला समजून तो काढून घालत बसलो.

बॅटरीत पूर्वी यूपीएसची १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाची असायची, दोन किलोच्या वर वजन आणि निम्म्याच्या खाली उतरवली की लवकर मरते. आता लिथियम. त्यात दोन पंथ. १८६५० सेल (१८ मिलिमीटर व्यास, ६५ लांबी) हलका, ३.७ व्होल्ट. फॉस्फेटवाला (लिथियम आयर्न फॉस्फेटचा) ३२७०० सेल जड, ३.२ व्होल्ट, पण सहज पेट घेत नाही, आणि चार ओळीने लावले की १२.८ होतात. नवशिक्याने फॉस्फेट घ्यावा. ६ अँपिअर-तासाचे आठ सेल, चार-चारच्या दोन ओळी, म्हणजे १५४ वॅट-तास, आणि गाण्यात ठोक्यांच्या मधे शांतता बरीच असल्याने सरासरी ओढ १५ वॅट धरली तर दहा तास. सेलमध्ये समतोल राखणारा बीएमएस बोर्ड आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज, या दोन गोष्टींवर कुणाचाच मतभेद नाही. जुन्या लॅपटॉपचे सेल काढून वापरायची पद्धत आहे, ती न वापरलेली बरी. चार्जरही सेलच्या जातीचाच हवा, फॉस्फेटच्या चारला १४.६ व्होल्ट.

एक बारीक त्रास जवळपास प्रत्येकाला होतो. सगळं जोडून झालं, गाणं थांबवलं की आतून डासासारखी कीं ऐकू येते. ब्लूटूथचा बोर्ड आणि अँप एकाच बॅटरीवर, एकाच ग्राउंडवर (परतीच्या वायरवर) असल्याने ब्लूटूथची खडखड अँपमध्ये शिरते. उपाय म्हणजे ब्लूटूथला वेगळी छोटी बॅटरी किंवा बी०५०५एस सारखा ५ व्होल्टचा आयसोलेटेड (दोन्हीकडचं ग्राउंड वेगळं ठेवणारा) कन्व्हर्टर, बोटाच्या पेराएवढा असतो. वायर पिळून, फॉइल गुंडाळून कीं जात नाही.

कायद्याच्या बाजूने २००० सालचे ध्वनिप्रदूषण नियम लागू होतात. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर बंद, राज्य सरकार वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ मध्यरात्रीपर्यंत वाढवू शकतं. रहिवासी भागाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि खाजगी जागेतल्या स्पीकरचा आवाज त्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या ५ डेसिबलपेक्षा जास्त वर जाता कामा नये. वरच्या हिशोबातला ९६ चा वूफर १० वॅटवर १ मीटरला १०६ देतो, अंतर दुप्पट झालं की ६ उतरतात, म्हणजे ६४ मीटरवरच्या शेजाऱ्याकडे तो ७० ने पोचतो.