नदी खडक कापते ती कशाने?

गेल्या आठवड्यात आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर अमेरिकेतील ग्रँड कॅन्यनचे छायाचित्र आले. त्याखाली ‘भूकंपाने एका रात्रीत दुभंगलेली धरणी’ असे लिहिले होते. इतक्या रखरखीत मुलखात सुमारे १.६ किलोमीटर खोल दरी पाण्याने कशी कोरली, ही शंका रास्त आहे. परंतु जमीन दुभंगली असती, तर भेग नदीच्या तळाखालीही गेली असती, आणि तेथे तर सलग खडक आहे.

आपली भीमा जशी सह्याद्रीतल्या पावसाच्या जोरावर सोलापूरच्या कोरड्या भागातून वाहते, तशी ही दरी कोरणारी कोलोरॅडो नदी रॉकी पर्वतातील वितळलेल्या बर्फावर वाहते. वाळवंट तिला पाणी देत नाही, हत्यारे देते. तेथे पाऊस क्वचित, पण झोडपून पडतो आणि अडवायला झाडोरा नसल्याने वाळू, दगडगोटे लोंढ्याबरोबर थेट नदीत येतात.

नुसते पाणी कठीण खडक फारसे झिजवत नाही. झिजवते ती त्यातील वाळू. शिरूरजवळच्या निघोजला कुकडीच्या पात्रातील रांजणखळग्यात उन्हाळ्यात हात घातला, की तळाशी गुळगुळीत गोटे लागतात. पुराच्या भोवऱ्यात गरगरत त्यांनीच तो बेसाल्ट घासला. हे खळगे परग्रहवासीयांनी कोरले असे कोणी म्हणाले, तर कारागीर हत्यार तेथेच ठेवून गेला आहे, हे दाखवून द्यावे.

मात्र गोटे जितके जास्त तितकी झीज जास्त, असे नाही. अमेरिकी भूवैज्ञानिक पॉवेल १८६९ मध्ये चार होड्या घेऊन निघाले आणि वाटेत एक फुटल्यावर उरलेल्या तीन होड्यांनी ग्रँड कॅन्यनमधून गेले. पुढे त्यांच्याच सर्वेक्षणात काम करणाऱ्या भूवैज्ञानिक गिल्बर्ट यांनी १८७७ मध्ये लिहिले, की गाळ कमी असेल तर घासायला काही नसते आणि अति झाला तर तोच तळावर पसरून खडकाला पांघरूण घालतो. स्क्लार आणि डायट्रिच या संशोधकांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत तळाशी खडकाची चकती बसवलेल्या पात्रात पाणी आणि खडी घुसळली, तेव्हा खडीचे प्रमाण वाढवताना झीज आधी वाढली आणि एका मर्यादेनंतर घटत गेली.

१९६३ मध्ये ग्रँड कॅन्यनच्या वरच्या बाजूला कोलोरॅडोवर झालेल्या ग्लेन कॅन्यन धरणाने वरचा गाळ अडवला. ज्या तांबूस रंगावरून नदीला नाव मिळाले तो गेला आणि धरणाखाली पाणी हिरवट, नितळ झाले. आता पारिया आणि लिटल कोलोरॅडो या उपनद्यांना पूर आला, म्हणजेच नदी पुन्हा लाल होते.