दिवा नेमका कधी लागतो?

‘अरे, ब्रेक तर झकास लागतायत. मग डॅशबोर्डवरचा हा पिवळा दिवा कशाला पेटलाय?’ रत्नागिरीहून मामाचा फोन. गाडी 2010 सालची. गॅरेजवाल्याने बोनेट उघडून ‘एबीएसचं मॉड्यूल गेलं, बदलावं लागेल’ असं सांगून टाकलं होतं (एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, मॉड्यूल म्हणजे तिचा कॉम्प्युटर), आणि किंमत ऐकून मामा गाडीच विकायच्या गोष्टी करत होता.

मी एवढंच विचारलं, दिवा किल्ली फिरवल्यापासून लागलेलाच असतो, की गाडी चालायला लागल्यावर लागतो?

या प्रश्नात अर्धं निदान आहे. त्यासाठी आधी एबीएसला काय ‘दिसतं’ ते बघू. जोरात ब्रेक दाबल्यावर चाक गाडीच्या वेगापेक्षा थोडं हळू, साधारण 10 ते 20 टक्के हळू फिरत असतं, तेव्हा टायरची रस्त्यावरची पकड सर्वांत चांगली असते. चाक पूर्ण जाम झालं की टायर नुसता घासत जातो आणि स्टिअरिंग फिरवूनही गाडी वळत नाही. म्हणून चाक जाम होतंय असं दिसलं की एबीएस त्या चाकाचा ब्रेक क्षणभर सैल करतं, पुन्हा आवळतं, आणि हे एका सेकंदात अनेकदा करतं. 1978 साली बॉशची अशी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा मर्सिडीजच्या एस-क्लास गाडीत आली, तेव्हापासून हे तत्त्व बदललेलं नाही.

पण चाक जाम होतंय हे कळतं कसं? चाकासोबत फिरणारी एक दातेरी रिंग असते आणि तिच्यापासून जेमतेम एक मिलिमीटरवर सेन्सर. जुन्या गाड्यांत या सेन्सरमध्ये एक लोहचुंबक आणि त्याभोवती तारेचं वेटोळं, एवढंच असतं. सायकलच्या डायनामोचा हा धाकटा भाऊ. दात समोरून गेला की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेटोळ्यात विजेची लाट उठते. समजा रिंगला 48 दात आहेत आणि टायरचा परीघ 1.8 मीटर आहे. मग ताशी 40 किलोमीटरला सेकंदाला सुमारे 300 लाटा येतात, ताशी 5 किलोमीटरला चाळीसेक. वेग कमी, तशी लाटांची उंचीही कमी. गाडी उभी असली तर काहीच नाही.

आता मामाला विचारलेल्या प्रश्नाकडे येऊ. किल्ली फिरवल्यावर कॉम्प्युटर फक्त वायरिंग तपासू शकतो: तार तुटली आहे का, शॉर्ट आहे का, फ्यूज शाबूत आहे का. यातलं काही बिघडलेलं असेल तर दिवा विझतच नाही. चाकांची माहिती मात्र गाडी हलल्याशिवाय पडताळता येत नाही. म्हणून दोन-तीन सेकंदांनी विझलेला दिवा थोडं अंतर गेल्यावर पुन्हा लागला, तर संशय सेन्सर, रिंग किंवा बेअरिंगवर घ्यायचा. मॉड्यूल कधीच जात नाही असं नाही, पण ते ऊन-पाऊस-चिखल सोसत चाकापाशी बसलेलं नसतं. सेन्सर बसलेला असतो.

मामाचं उत्तर होतं, चालल्यावर. आणि आणखी एक गोष्ट त्याने सहज सांगितली: सिग्नलला गाडी थांबता थांबता ब्रेकचं पेडल पायाखाली थरथरतं, कोरड्या रस्त्यावरसुद्धा.

हे ऐकून मी सुट्टीत मल्टिमीटर घेऊनच गेलो. गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले बिघाडाचे कोड स्कॅनरने वाचता येतात, पण बाजारात मिळणारे बरेचसे स्वस्त स्कॅनर फक्त इंजिनचे कोड वाचतात. एबीएसचे कोड ‘सी’ अक्षराने सुरू होतात, ते वाचणारा स्कॅनर एका ओळखीच्या मेकॅनिककडे मिळाला. कोड होता पुढच्या डाव्या चाकाचा. सेन्सर बदलायचा मोह इथेच होतो. पण कोड त्या चाकाकडून येणाऱ्या माहितीबद्दल तक्रार करतो, कुठला भाग बिघडलाय ते सांगत नाही. चाक जॅकवर उचलून सेन्सरचा रोध मोजला, तो उजव्या बाजूच्या सेन्सरइतकाच, हजार ओहमच्या आसपास. चाक हाताने फिरवलं तर व्होल्टेजही येत होतं. तार हलवून पाहिली, ठीक. (नव्या गाड्यांत वेटोळ्याऐवजी इलेक्ट्रॉनिक चिप असलेला हॉल सेन्सर असतो, त्याला हा ओहमचा प्रयोग लागू नाही, तिथे स्कॅनरवर चारही चाकांचे वेग शेजारी शेजारी बघावेत.)

मग टॉर्च मारून रिंग न्याहाळली. ती ड्राइव्ह शाफ्टच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकावर ठोकून बसवलेली होती. खाली गंज धरला होता, आणि गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो. आतून फुगत फुगत त्याने रिंगला एके ठिकाणी तडा दिला होता. तडा गेला तिथे दोन दातांमधलं अंतर वाढलेलं. कॉम्प्युटरला दर फेरीत वाटायचं, चाक अचानक मंदावलं. वेगात तो ही खोट खपवून घेई, पण थांबता थांबता ब्रेक दाबलेला असताना चाक जाम होतंय असं समजून त्या चाकाचा ब्रेक सोडून देई.

म्हणजे मामा ज्याला घाबरला होता तो दिवा बराच निरुपद्रवी होता. दिवा लागला की एबीएस बाजूला होतं आणि साधे ब्रेक उरतात. धोका होता दिवा लागण्याआधीच्या त्या थरथरीत. मात्र पिवळ्यासोबत ब्रेकचा लाल दिवाही पेटला तर गाडी लगेच थांबवावी. ब्रेक ऑइल कमी झालेलं असू शकतं, किंवा मागच्या चाकांवरचा ब्रेक आवरणारी यंत्रणा बंद पडलेली असू शकते.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी एक आडवाटेची सूचना: किल्ली फिरवल्यावर हा दिवा क्षणभर तरी लागायलाच हवा. लागलाच नाही, तर बल्ब गेलेला असेल, किंवा कोणीतरी तो काढून ठेवलेला असेल.

गंज खरवडून नवी रिंग बसवली. किल्ली फिरवली, दिवा लागला आणि दोन-तीन सेकंदांनी विझला. मामाने माझ्याकडे पाहिलं. ‘चालव तर खरं,’ म्हटलं. गल्लीच्या टोकाला काटा ताशी वीसच्या पुढे गेला, तरी दिवा विझलेलाच.