आयएलएसवर वेग किती ठेवायचा?

इन्स्ट्रुमेंट रेटिंगची (बाहेर न बघता उपकरणांवर विमान उडवण्याच्या परवान्याची) तयारी करणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

सेसना १७२ हे छोटं विमान आयएलएसवर, म्हणजे रनवेपर्यंत वाट दाखवणाऱ्या रेडिओ संकेतांवर, आणताना आम्ही ९० नॉट (ताशी ९० नॉटिकल मैल) आणि १० अंश फ्लॅप (पंखामागची खाली वळणारी झडप) सांगतो. सिम्युलेटरवर बसलेले बरेच जण विचारतात: उतरायला ६५ नॉट पुरतात, मग एवढी घाई कशाला?

ढगात काम एकच असतं, आयएलएसच्या दोन्ही सुया (एक डावी-उजवी दिशा दाखवणारी, दुसरी उतार दाखवणारी) मध्यभागी धरून खाली येणं. ९० नॉटला कंट्रोल्स चांगला प्रतिसाद देतात, आडव्या वाऱ्यात नाक कमी वळवावं लागतं आणि गो-अराउंड (उतरणं सोडून पुन्हा वर चढणं) करायची वेळ आली तर चढायला वेग हाताशी असतो. वारा नसेल तर शेवटचे ५ नॉटिकल मैल ३ मिनिटं २० सेकंदांत संपतात. ७५ नॉटला ४ मिनिटं लागतात. मुंबईत मागे जेट विमानांची रांग असताना कंट्रोलरला हा फरक नक्की जाणवतो.

मग १२० का नको? खरी अडचण जमिनीजवळ आल्यावर येते. डिसिजन हाइट (रनवे दिसला नाही तर जिथून परत वर जायचं ती उंची) २०० फूट असेल आणि थ्रेशोल्ड (रनवेची सुरुवात) ५० फुटांवरून ओलांडायचा असेल, तर ३ अंशांच्या उतारावर मधे जेमतेम अर्धा मैल उरतो. ९० नॉटला साधारण १९ सेकंद. तेवढ्यात रनवे ओळखायचा, पॉवर काढायची आणि वेग ६५ च्या आसपास आणायचा. १७२ च्या एस मॉडेलला १० अंश फ्लॅप ११० नॉटपर्यंतच चालतो, पूर्ण फ्लॅप ८५ पर्यंत. १२० ने आलात तर फ्लॅप घेताच येत नाही आणि विमान रनवेवर लांबपर्यंत तरंगत जातं.

२०० फुटांवर पूर्ण फ्लॅप घ्यायचा आग्रहही नको. नाक उचलतं, ट्रिम (विमानाचा जुळवलेला तोल) बिघडतं, आणि नेमकी तेव्हाच नजर आतून बाहेर जात असते. आयएलएसचे रनवे बहुधा लांबच असतात, नागपूरचा ३,२०० मीटर आहे. तिथे १० अंशांवर खुशाल उतरा.

खाली येण्याचा दर ग्राउंड स्पीडवर (जमिनीच्या तुलनेतल्या वेगावर) ठरतो: ग्राउंड स्पीड गुणिले ५, वर थोडं. ९० ला मिनिटाला साधारण ४७५ फूट. समोरून २० नॉट वारा असेल तर ३७० पुरतात. वारा हळूहळू पडत गेला तर दर वाढवत न्या, नाहीतर विमान उताराच्या वर राहतं आणि ग्लाइड स्लोपची (उतार दाखवणारी) सुई खाली सरकते.

हे आकडे १७२ एसचे आहेत. जुन्या मॉडेलच्या मर्यादा वेगळ्या असतात, म्हणून सेशनला येताना तुम्ही उडवता त्याच विमानाचं हँडबुक घेऊन या.